म्हातारीच्या घराखालचं तांबं

आई, नमस्कार. मी ठणठणीत आहे. तुझे गुडघे कसे आहेत?

माझं काम विचारलंस. जमिनीखाली कढत पाणी भेगांतून वर चढलं, निवलं आणि तांबं तिथेच सोडून गेलं. तांब्याने भरलेली अशी भेग म्हणजे शीर, ती आम्ही शोधतो. खडक चाटून ओला केला की कण दिसतात. हसू नकोस, इथे सगळेच चाटतात.

इथली शीर शेजारच्या वस्तीच्या अलीकडेच तुटलीय. पूर्वी कधीतरी जमीन सरकली, पलीकडे नुसता दगड. पण साहेबांना साठा मोठा दाखवायचा होता. मी नको म्हणत असताना त्यांनी नकाशात रेघ वस्तीखालून पुढे नेली. वस्ती उठवली.

मला रोज पाणी देणारी म्हातारी जाताना म्हणाली, "माझ्या घराखाली पुष्कळ आहे ना रे?"

मी हो म्हणालो.

आता पाणी बाटलीतलं मिळतं, तेव्हा तीही काळजी करू नकोस.

तुझा धाकटा