कूलर चालू राहील

झाशी, मंगळवार, संध्याकाळ

वाचनालयातलं, दुपारच्या सुट्टीतलं माझं हवामानबदलाचं व्याख्यान आज फसलं. कूलरच्या घरघरीत माझं बोलणं ऐकू जाईना, म्हणून ग्रंथपाल सक्सेनाजींनी तो बंद केला. झालं! अर्धे लोक डबे उचलून चालते झाले. म्हणजे हे सगळे कूलरसाठी येतात? अशी चिडले मी!

जाताना शेजारच्या बँकेतले गुप्ताजी ओशाळून म्हणाले, "मैडम, अब रात को छत पर भी नींद नहीं आती। यहाँ ज़रा आँख लग जाती है।"

आणि मी तक्ते दाखवत बसले होते! इथल्याच सीपरी भागातल्या आमच्या घराच्या गच्चीवर पाणी शिंपडून आम्हीही झोपायचोच की. कधी सुटलं ते?

उद्याच्या व्याख्यानाची सुरुवात गच्चीपासूनच. कूलर चालू राहील. घसा मी ताणेन.