फवारणीची तारीख मागे सरकली

२ फेब्रुवारी, सोमवार
आज माझी पायथनची स्क्रिप्ट, म्हणजे फाइल वाचून बदलणारा छोटा प्रोग्राम, पहिल्यांदा कुणाच्या मदतीशिवाय चालवली. एक्सएमएल फाइलीत प्रत्येक द्राक्षबाग म्हणजे एक टॅग. त्या टॅगमध्येच बागेची सगळी ओळख: शेतकरी, गाव, वाण, शेवटची फवारणी. ओळखीच्या ह्या एकेका तुकड्याला ॲट्रिब्यूट म्हणायचं. पायथनमध्ये गेट लिहिलं की तो वाचता येतो, सेट लिहिलं की बदलता येतो. माझं काम एवढंच की तारखा उलट्या करायच्या, वर्ष आधी आणि दिवस शेवटी. परदेशातल्या खरेदीदाराला तशाच लागतात.

साहेब खूश. "वहिनी, तुम्ही तर इंजिनिअर झालात." दत्तामुळे द्राक्षं निवडून खोक्यांत भरायच्या ह्या पॅकहाउसमध्ये सगळेच मला वहिनी म्हणतात. दत्ता माझा धाकटा दीर, इथला फील्ड ऑफिसर. त्यानेच मला इथे चिकटवलं.

सेट इतकं सोपं असावं हे मात्र मला आवडलं नाही. एक ओळ लिहिली की जुनी तारीख कुठेच राहत नाही. नक्की बदलू ना, एवढंही विचारत नाही. आमचा दूधवाला फुटकी पिशवी बदलून द्यायला चार प्रश्न विचारतो.

४ फेब्रु., बुध.
कालची आणि आजची फाइल शेजारी ठेवून बघितली. माझी सवय. (हे त्याला रोग म्हणतात.)

काशीनाथ नानांची बाग, दिंडोरीच्या पुढची. शेवटची फवारणी काल जानेवारीअखेरची होती. आज जानेवारीच्या सुरुवातीची.

पुढे गेली असती तर समजले असते, पुन्हा औषध मारलं असेल. मागे कशी जाईल? मारलेलं औषध पंपात परत येत नाही. तारीख मागे गेल्याने फायदा एकच: फवारणीनंतर थांबायचे दिवस भरल्यासारखे दिसतात आणि बाग काढायला मोकळी होते. काढणीची टोळी आज सकाळीच नानांकडे गेली आहे.

आधी स्वतःवरच संशय. तारखा उलट्या करताना माझ्याच स्क्रिप्टने घोळ घातला असेल तर...

५ फेब्रु.
सेटच्या सगळ्या ओळी बंद केल्या. नुसतं गेट ठेवलं, म्हणजे वाचायचं आणि गप्प बसायचं. तरी दुपारी आणखी एका बागेची तारीख मागे गेली. म्हणजे मी नाही.

त्या फाइलीला हात लागतात तिघांचे. साहेब, पण त्यांना स्वतःचा पासवर्ड आठवत नाही. मी. आणि दत्ता, मोबाइलवरच्या ॲपमधून, बागेत उभा राहून.

दत्ता नसावा. नसावाच.

६ फेब्रु., शुक्र.
सापळा लावला. फवारणीची तारीख बदललेली दिसली की स्क्रिप्टने त्याच टॅगला आणखी दोन ॲट्रिब्यूट चिकटवायचे, "जुनी" आणि "कोणी". आधीची तारीख पहिल्यात. बदलणाऱ्याचं नाव दुसऱ्यात, ते ॲपच्या नोंदीतून उचलायचं. चालतंय. करताना मजा आली हे कबूल.

संध्याकाळी दत्ता चहाला आला. समोरच्याच फ्लॅटमध्ये राहतो, अजून लग्न नाही, त्यामुळे चहा आमच्याकडेच. "वहिनी, कॉम्प्युटरवर काय चाललंय एवढं?" मी म्हटलं, काही नाही रे, तारखा उलट्या करते. बशी खाली ठेवताना त्याने माझ्याकडे बघितलं. की मलाच तसं वाटलं?

७ फेब्रु., शनि.
दोन बागा. दोन्हीत "कोणी" मध्ये दत्ता.

ह्यांना सांगितलं. जेवताना सांगायला नको होतं. "तुला भाजीवाल्याच्या वजनातसुद्धा खोट दिसते," म्हणाले. होतीच खोट वजनात, मी म्हटलं. "तो माझा भाऊ आहे." म्हणून तर आधी तुम्हाला सांगितलं, साहेबांना नाही. त्यावर पाणी प्यायले आणि उठले.

मला भीती वाटतेय. खरं असेल तर औषध उतरायच्या आत काढलेली द्राक्षं कंटेनरमध्ये बसणार. ती खाणारी पोरं परदेशातली असली तरी पोरंच. आणि मी तोंड उघडलं तर दत्ताची नोकरी जाणार, आणि ह्या घरात मी कायमची ती बाई होणार जिने दिराला घालवलं.

९ फेब्रु., सोम.
न बोलता केलं. नानांच्या टॅगला "थांबवा" नावाचं ॲट्रिब्यूट लावून दिलं. ते असलं की पॅकहाउसच्या फाटकावर त्या बागेची गाडी आत घेत नाहीत.

अकराच्या सुमाराला नानांचा पिकअप आला आणि फाटकावरच अडकला. क्रेट उन्हात. नाना स्वतः बरोबर आलेले, टोपी काढून घाम पुसत होते. "ताई, माल नरम पडल ना. काय चुकलं आमचं, ते तरी सांगा." मागून दत्ता मोटरसायकलवर आला. सगळ्यांसमोर विचारलं, "कोणी थांबवलं?"

मी, म्हटलं.

एवढा वेळ बघत राहिला की वॉचमननेच नजर फिरवली. मग साहेब आले आणि मला केबिनमध्ये नेलं. सगळं दाखवलं, जुनी आणि कोणी दोन्ही. साहेबांचा चेहरा उतरला. माल कोल्ड स्टोअरमध्ये वेगळा ठेवायला सांगितला. उद्या बागेवर जायचं, तिघांनी.

१० फेब्रु., मंगळ.
सकाळी जीपने निघालो. म्हसरूळ सोडल्यावर साहेबांनी रेडिओ लावला, मग बंद केला.

नाना बांधावर उभे. डावीकडे हात केला, मग उजवीकडे. "आवो ताई, कागदावं ही बाग एक हाय, पण खरं तं दोन हायेत. छाटणीला पेठकडची माणसं येत्यात. त्यांची भातकापणी उरकल्याबिगर ती डोंगर उतरत नाय. औंदा निम्मीच आली. निम्मी बाग वेळेत छाटली, निम्मी लय उशिरा."

उशिरा छाटलेली बाजू उशिरा पिकणार. तिला शेवटचं औषधही उशिरा. अलीकडचे, डाव्या हाताचे घड पिवळसर, पलीकडचे अजून हिरवेगार, मला दिसत होतं.

दत्ता माझ्याशी नाही, साहेबांशी बोलला. "फाइलीत एका बागेला एकच फवारणी बसते. पलीकडची भरली की अलीकडची पुसली जाते. म्हणून जी बाजू काढायची तिची तारीख टाकतो. काढून झाली की दुसरीची. इकडच्या निम्म्या बागा अशाच आहेत. मला कुणी विचारलं नाही."

एका टॅगमध्ये एकाच नावाचं ॲट्रिब्यूट दोनदा चालत नाही, हे मला पहिल्याच व्हिडिओत शिकवलं होतं. म्हणजे त्याच्याकडे दुसरा रस्ताच नव्हता. आणि मी त्याला चोर ठरवून बसले होते. परत येताना खिडकीबाहेर बघत राहिले. मान वळवायची लाज वाटत होती.

११ फेब्रु., बुध.
दुरुस्ती केली. बागेच्या टॅगच्या पोटात आता दोन छोटे टॅग, अलीकडची आणि पलीकडची. प्रत्येकीची स्वतःची फवारणी. कुणी कुणाला पुसत नाही. साहेब म्हणाले, हे आधीच सुचायला हवं होतं. "थांबवा" काढून टाकलं.

दत्ताला म्हटलं, माफ कर रे. "जाऊ द्या वहिनी." चहाला आला नाही. हे घरी आल्यावर म्हणाले, "झालं समाधान?"

व्हायला हवं होतं. भांडी घासताना डोक्यात आलं ते आलंच. फाइलीत आता दोन बाजू आहेत, क्रेटवर कुठे आहेत? क्रेटच्या चिठ्ठीवर फक्त बाग लिहितात. टोळीने त्या दिवशी कोणती बाजू काढली? अलीकडची, असं दत्ता म्हणतो. आणखी कोण म्हणतं?

१२ फेब्रु., गुरु.
टोळीच्या मुकादमाला गाठलं. सरळच विचारलं, नानांकडे पहिल्या दिवशी कुठून तोडलं?

"दत्ताभाऊ हात करतील तिकडून तोडतो, ताई."

त्या दिवशी हात केला होता ना त्यांनी?

"त्या दिवशी भाऊ जरा उशिरा आले. आम्ही सुरू केलं होतं. पिवळं बघून तोडलं."

पिवळं म्हणजे अलीकडचंच असणार. असणार. पण मधल्या चार ओळींत दोन्ही रंग मिसळलेले मी स्वतः बघितलेत. आणि दत्ता उशिरा आला हे दत्ताने सांगितलं नाही. साहेबांना नाही, मला नाही.

विसरला असेल. किंवा नसेल.

१३ फेब्रु., शुक्र.
साहेबांकडे गेले. चार तारखेला आलेले पहिल्या दिवशीचे क्रेट अजून कोल्ड स्टोअरमध्येच आहेत, त्यांतला नमुना औषधासाठी तपासायला पाठवा, म्हटलं. त्यांनी पेन खाली ठेवलं. "वहिनी, परवाच तुम्ही त्याची माफी मागितलीत." हो. "आता परत?" मी म्हटलं, माणसावर नाही, क्रेटवर संशय आहे. हे वाक्य मला स्वतःलाही पटलं नाही. पण त्यांनी सही केली. रिपोर्ट मंगळवारी. तोवर तो माल हलवायचा नाही. दत्ताला सांगायचं नाही असं मीच सुचवलं.

ह्यांना सांगितलं नाही.

१४ फेब्रु., शनि.
पॅकहाउसमध्ये काय लपून राहतं. दत्ता जिन्यात भेटला.

"नमुना पाठवला म्हणे."
"हो."
"मला विचारायचं ना."
"विचारलं होतं. तू अलीकडची म्हणालास."
"मग?"

तू उशिरा गेला होतास हे बोलला नाहीस, एवढंच म्हणायचं होतं. तो दोन पायऱ्या उतरला, पुन्हा वर बघून म्हणाला, "मोटरसायकल पंक्चर झाली होती त्या दिवशी. मुकादमाने सांगितलं असेलच." आणि गेला.

पंक्चर. असेलही. पंक्चर कुणाला दाखवता येत नाही.

१५ फेब्रु., रवि.
महाशिवरात्र. त्र्यंबकच्या रस्त्याला गाड्यांची रांग, म्हणून आम्ही गल्लीतल्या महादेवालाच जाऊन आलो. सगळ्यांना उपास. साबुदाणा भिजवला होता.

दुपारी दत्ता आला, न बोलावता. हातात पिशवी. हे एकदम मोकळे झाले, ये ये म्हणाले, खुर्ची ओढली. त्याने पिशवीतले घड ताटात काढून मधोमध ठेवले. "उपासाला घ्या. नानांकडची आहेत, पहिल्या दिवशीच्या क्रेटमधली. साइजमध्ये बसली नाहीत म्हणून बाजूला काढली होती."

आणि एक द्राक्ष तोडून, न धुता, तोंडात टाकलं. माझ्याकडे बघत.

आमच्या मीनूने हात पुढे केला. नववीतली पोर, भूक लागलेली. मी ताट ओढून घेतलं. म्हटलं, थांब, धुऊन आणते.

"काकाने तशीच खाल्ली की."

मी आत गेले. पातेल्यात पाणी, मूठभर मीठ. घड बुडवून ठेवले. मग ते पाणी ओतून दुसरं घेतलं. इतका वेळ कशाला लावतेयस, हे मीच मला विचारलं, आणि तिसरं पाणी घेतलं.

बाहेर आले तर दत्ताची खुर्ची रिकामी. हे म्हणाले, "गेला तो." एक द्राक्ष तोडलं, मला दाखवून खाल्लं. मीनूने अर्धा घड संपवला. गोड आहेत गं आई, म्हणाली.

मी अजून खाल्लेली नाहीत. रिपोर्ट परवा. मीनूच्या ओठांकडे बघत बसले आहे.