बाबांच्या बासची दांडी

शुक्रवार, संध्याकाळ

अर्धांगवायूनंतर बाबांच्या बोटांत जोर नाही. त्यात बास गिटारची दांडी वाकल्यानं तारा उंच झाल्यात, दबतच नाहीत. उद्या त्यांना पेठ वडगावला ऑर्केस्ट्रात वाजवायचंय. म्हणून आज दांडी सरळ करायला मीच तिच्या आतली सळई किल्लीनं पिळली.

कट्ट!

दांडी मोडली? तडा तर कुठं दिसेना. भीत भीत तारा सुरात लावल्या. पण तो कट्ट आवाज काही कानातून जाईना.

बाबांनी तार दाबली. स्वच्छ वाजली.

"दबतीया की गं!" म्हणाले आणि त्यांनी हात तारेवरून काढून घेतला.

"काय झालं ओ?"

"भ्या वाटतंय. उद्या मधीच बोटं थांबली तर?"

"मी शेजारी उभी ऱ्हाते की," म्हटलं. उभी राहून करणार काय, ते मलाच ठाऊक नाही.