घरच्यांचा अंगठा

सोमवार, ३ नोव्हेंबर
दारू सोडायचे उपचार आज सुरू झाले. सकाळी नऊ ते एक केंद्रात, मग चिकलठाण्याला घरी. दाखल व्हावं लागलं नाही, बरं वाटलं. चहाही चांगला होता. तिथल्या समुपदेशक दिपाली मॅडमनी कार्ड दिलं. दिवसभर प्यायलो नाही, अशी घरच्या माणसाची रोज सही हवी. एकवीस झाल्या की माहेरी गेलेली बायको, शालू, पोरीला घेऊन परत येणार आहे. आई दोन महिन्यांपूर्वी गेली, घरी कुणी नाही, असं मी सांगितलं. शेजारी चालेल म्हणाल्या.

मंगळवार, ४
शेजारच्या सरूबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, भारत, तुझ्या थापांवर मी नाय सही करायची, तुझ्या आईलाच विचार जा. हसल्या. मीही हसलो. कार्ड आईच्या बाजेवर ठेवून दिलं.

बुधवार, ५
रकान्यात निळा अंगठा. मधोमध आडवी रेघ. आईचा अंगठा विळ्यानं कापला होता, तिथंच. मॅडमना तो सरूबाईंचा वाटला. मी कार्ड खिशात घातलं.

सोमवार, १०
रोज अंगठा येतोय. घरात शाई नाही. शालूला फोनवर दिवस सांगितले. ती म्हणाली, आईच्या शपथा लई घेतल्या तुम्ही, आता कार्डच दाखवा.

मंगळवार, ११
ज्वारीच्या कोठीत क्वार्टर सापडली. आई गेली त्या दुपारची, अर्धी उरलेली. झाकण उघडायला गेलो. झाकणावर अंगठा. ओला. मोरीत ओतली.

बुधवार, १२
केंद्रातल्या गटात आईबद्दल विचारलं. ती गेली तेव्हा मी कामावर होतो, असं सांगितलं.
खोटं.
शेजारच्या खोलीत पिऊन पडलो होतो. तापात तिनं तीनदा पाणी मागितलं. ऐकू आलं होतं. उठलो नाही.

गुरुवार, १३
आजचा अंगठा शाईचा नाही. नुसत्या पाण्याचा. कागद फुगलाय. मॅडमनी फोन केला, तर सरूबाईंनी सांगितलं, माझा नाय तो. मॅडम म्हणाल्या, ज्याचा अंगठा आहे त्याला उद्या आणा, नाहीतर कार्ड रद्द, शालूला कळवावं लागेल.

शुक्रवार, १४
केंद्रात गेलो नाही. कुणाला नेणार?
दुपारचे तीन. प्यायलो नाही. रकाना रिकामा —
बाज करकरली.
पाणी मागितलं. तोच आवाज.
दुसऱ्यांदा —
उठतो. माठातून तांब्या भरतो, बाजेपाशी ठेवतो. तिनं तिसऱ्यांदा मागायच्या आत.