निवडक गाण्यांची बी बाजू

२ मार्च १९८६, लातूर

कॅसेट निघणार! आमच्या पार्टीची निवडक गाणी, भीमजयंतीच्या आधी बाजारात. लातूर जिल्हा झाल्यापासून इथं चौकाचौकात कॅसेटची दुकानं झाली, त्यातलं एक मन्मथअप्पांचं. मागच्या खोलीत भिंतींना गाद्या लावून त्यांनी रेकॉर्डिंगचीही सोय केली आहे.

आमची पार्टी म्हणजे एका म्यानात चार तलवारी. हदगावचे लिंबाजीभाऊ पेटीवर, देगलूरचा नरसिंग बँजोवर, उदगीरचा रामकिशन ढोलकीवर आणि बिलोलीची मी. चौघं चार वेगळ्या भीमगीत पार्ट्यांतले, एकमेकांना पाण्यात पाहणारे. दुष्काळात गावांनी कार्यक्रम ठेवणं बंद केलं, पार्ट्या मोडल्या, तेव्हा कुठं एक झालो.

५ मार्च

गाणी निवडायला बसलो. नरसिंगचं गाणं बावीस मिनिटांचं — निम्म्यात तर नुसता बँजो वाजतो. अप्पा म्हणाले, "एवढ्यात माझी एक बाजू सरायली की." नरसिंग रुसला. रामकिशननं चहा पाजून त्याला गाणं छाटायला राजी केलं.

माझं कुठलं? सगळे एकदम म्हणाले — घागरीचं.

धर्माबादचा तो सामना. दोन पार्ट्या समोरासमोर, एकीनं गाऊन डिवचायचं, दुसरीनं तिथंच जवाब द्यायचा. समोर होते लिंबाजीभाऊ. बाई गाते म्हणून त्यांनी टोला हाणला — "बाई बसली पेटीपुढं, चूल पडली गार!" पब्लिक हसून लोळत होतं. मी उभ्या उभ्या जोडलं — "चूल पेटवते दादा, आधी घागरी आण चार!" तिथून लोक मला ओळखायला लागले.

पण सवालाशिवाय जवाब लंगडा. आणि लिंबाजीभाऊ आपलं गाणं द्यायला तयार नाहीत. "ताई, तवा मस्ती होती अंगात. कॅसेटीत गेलेलं पुसत न्हाई. उद्या माझी नात ऐकंल की."

माणूस खरंच शरमला होता. पण मग माझंही गाणं गेलंच.

९ मार्च

शरम त्यांची, आणि गाणं बुडायचं माझं. राग येतोच.

१६ मार्च

रेकॉर्डिंग झालं. आवाज नको म्हणून पंखा बंद, दार बंद. घामानं पदर भिजला.

सकाळी लिंबाजीभाऊ आले ते थेट पेटी ओढूनच बसले. म्हणाले, "घरचीनं सुनावलं. म्हणली, तवा तिला हसलात, आता तिचं गाणं बी बुडवता का?" आणि गायले — धर्माबादला गायले होते तितकंच झोंबणारं. बाहेर आल्यावर मी विचारलं, जरा मवाळ गायला असतात तर? "मवाळ गायलो असतो तर तुमचा जवाब कुणाला लागला असता?"

माझे डोळे भरून आले. मोठा माणूस आहे.

२ एप्रिल

कॅसेट हातात आली. वरच्या फोटोत मी नरसिंगच्या बँजोमागं अर्धी झाकलेली. असू दे. चांगली दिसते.

मग गाण्यांचा क्रम वाचला. लिंबाजीभाऊंचं गाणं ए बाजूच्या शेवटी. माझा जवाब बी बाजूला! अप्पांकडं गेले. "जागा तशीच बसली, ताई. कॅसेट उलटली की पहिल्या तुम्हीच."

उलटतो कोण? हॉटेलात ए बाजू संपली की मागं फिरवून तीच लावतात.

६ एप्रिल

तसंच झालं. बस स्टँडवरच्या हॉटेलात ऐकलं. चूल पडली गार, खट्, आणि पुन्हा पहिलं गाणं. दोघं-तिघं हसले. मी तिथंच उभी, हातात भाजीची पिशवी.

लिंबाजीभाऊंना सांगितलं. त्यांनी पेटीचा भाता बंद केला. मग म्हणाले, "म्हणून तर नको म्हणत होतो." त्यांच्यावर चिडताही येईना.

जयंतीला मी पार्टीत गाणार नाही. बिलोलीला माहेरी जाते. तसं कळवून टाकलं. गावोगाव मला हसायची सोय माझ्याच कॅसेटनं केली, आता मंचावर कुठल्या तोंडानं उभी राहू?

१४ एप्रिल, बिलोली

वाटेत बस एका खेड्यापाशी थांबली. चौकात निळ्या पताका, भोंग्यावर आमचीच कॅसेट, आणि टँकरपुढं बायकांची ही रांग. बाजेवर बसलेले बाप्ये हसत होते — चूल पडली गार. खट्. टेप थांबली. उलटायला कुणी उठलं नाही.

तेवढ्यात रांगेतली एक म्हातारी त्या बाजेकडं घागर रोखून गायला लागली. मग दुसरी. मग अख्खी रांग. आधी घागरी आण चार! शेवटच्या कडव्यापर्यंत. मला तिथं कुणी ओळखतही नव्हतं.

उद्या लातूरला परत जाते. लिंबाजीभाऊंना सांगायचं आहे.