मधल्या धुऱ्याची व्यवस्था

मी, जयवंता केशवराव कळंबे, वय बहात्तर, निवृत्त शिक्षिका, राहणार तिगाव, जिल्हा पांढुर्णा, पूर्ण शुद्धीत आणि कुणाच्याही दबावाखाली न येता हे लिहून ठेवते. माझ्या शुद्धीबद्दल पुतण्यांना शंका आहे, म्हणून डॉक्टरांनाच साक्षीला बसवले आहे.

१. राहते घर तृप्ती वानखेडे हिला. नागपूरहून येऊन ती अभ्यासासाठी सहा वर्षे आमच्या धुऱ्यांवरच्या, म्हणजे शेताच्या बांधांवरच्या, रानमधमाश्या मोजते आहे. पुतण्यांनी तिला 'माशीवाली' म्हणून हिणवले. चहा मात्र तिच्याच हातचा प्यायले.

२. कुदळ, फावडे, विळे शेजारच्या अंबाबाईला. पुतण्यांना ही अवजारे कुठल्या बाजूने धरायची हे माहीत नाही.

३. मी जामसांवलीला दर्शनाला गेले असता पुतण्या कुलदीपने जेसीबी लावून पश्चिमेचा धुरा सपाट केला. संत्र्याची एक ओळ जास्त बसली. त्या धुऱ्यात निळ्या पट्ट्यांची माशी बिळे करी आणि निळ्या ठिपक्यांची माशी चोरून त्या बिळांत अंडी घाली. पट्टेवाली लांब उडते. मधल्या धुऱ्यावर बिऱ्हाड हलवून मोकळी झाली. पश्चिमेच्या धुऱ्यावरच्या ठिपकेवालीला मधली फवारलेली बाग ओलांडता आली नाही. तृप्तीने ओळखीसाठी रंग लावलेल्या एकोणीस ठिपकेवालींपैकी एकही पुन्हा दिसली नाही. आसपासच्या सात गावांत ती आता फक्त मधल्या धुऱ्यावर सापडते.

कुलदीप म्हणाला, "त्या ऐतखाऊ माशीपायी धुरा अडवून राहिली काय, काकू?"

मी म्हटले, "ऐतखाऊच हाकलाचे असन तं पह्यले तू निंग."

तो गेल्यावर त्या सपाट जागेवर बसून मी रडले, हेही लिहून ठेवते.

४. मधल्या धुऱ्याच्या पश्चिमेचे शेत कुलदीपला, पूर्वेचे त्याचा भाऊ भूपेंद्र याला. मधला धुरा दोघांचा सामाईक. दोघांच्या सहीशिवाय त्याला कुदळ, आग, फवारा किंवा मशीन लागू नये. जो एकट्याने हात लावील, त्याचे शेत दुसऱ्याचे होईल.

धुरा दोघांनाही मोडायचा आहे. पण मोकळी होणारी सहा फूट जागा कुणाची, यावरून माझ्या जिवंतपणीच त्यांचे बोलणे बंद आहे. गावातल्या शहाण्यांनी मला समेट घडवायला सांगितले. मी तो घडवला नाही, घडवणारही नाही. माश्यांवर त्यांचा जीव नाही. मात्र एकमेकांवर पाळत ठेवायला दोघेही रोज धुऱ्यावर येतील, आणि इतकी चोख राखण मला दुसरीकडे मिळाली नसती.

वाचून, समजून सही केली.
जयवंता केशवराव कळंबे

साक्षीदार:
१. डॉ. श्रीकांत ठाकरे, सौंसर
२. वंदना गजानन ढोके, तिगाव

तिगाव, १२ फेब्रुवारी २०२५