घोडीचा केस

३ मार्च
बाबा नाही म्हणाले! वीस वर्षं त्यांच्या गळावर मी माश्या बांधतेय. कोंबड्याचं पीस, रेशमाचा दोरा, आणि खोटी माशी अशी की ट्राउट मासा हमखास फसतो. पण सेझिया नदीत उतरायचं नाव काढलं की, "बाईनं माशी बांधावी, सेझियात पाय घालू नये." आई गेली तीही जन्मभर माश्याच बांधून. अर्धांगाचा झटका आल्यापासून बाबांचा उजवा हात लुळा. मग गळाची काठी कोण चालवणार? मी!

४ मार्च
दादा तोरीनोहून आला. "एर्मिना, काठी देऊन टाक कुणाला. हॉटेलवाले भिंतीवर लावतील." याला साधी गाठ मारता येत नाही!

९ मार्च
बाबा विरघळले की काय? कपाटातून शेपटीच्या केसांचा झुपका काढून पुढ्यात टाकला. "घे. वळ दोर. बघू तुझी हौस." आमच्या खोऱ्यात गळाचा दोर घोड्याच्या केसांचाच, आणि वळायचा तो पुरुषांनी. आजवर मी हात लावलेला नाही. बोटं सोलली. पण वळलाच!

१५ मार्च
तुटला. तीनदा! तिसऱ्यांदा तर हातभर ट्राउट होता. पुलावरून शेजारचा सेवेरिनो — "एर्मिना, मासे पकडतेयस की जेवायला घालतेयस?" घरी बाबा म्हणाले, "झालं समाधान?" मक्याच्या पिठाचा पोलेंटा ढवळता ढवळता मी रडले. रागानं.

१६ मार्च
तुटका दोर घेऊन तबेल्यात गेले, घोडी-घोडे सांभाळणाऱ्या म्हाताऱ्या देल्फिनाकडे. तिनं दोन बोटांत पिरगळला, पट्कन तुटला. "अगं बाई, हा घोडीचा! घोडी मुतते ती शेपटीवरच, केस कुजतो. घ्यायचा तो घोड्याचा. तुझ्या बापाला एवढं ठाऊक नाही होय?"

ठाऊक आहे. चांगलं ठाऊक आहे!

पांढऱ्या घोड्याच्या शेपटीचे केस मी स्वतः उपटले. लाथ थोडक्यात चुकली.

१७ मार्च
नवा झुपका बाबांच्या मांडीवर आपटला. त्यांनी एक केस डाव्या हातानं ओढून पाहिला. मग वाकड्या तोंडानं — "तुझ्या आईलाही घोडीचाच दिला होता. एकदाच तुटला. ती परत नदीवर गेली नाही."

दोराचं टोक खुर्चीला बांधायला गेले. बाबांनी ते ओढून घेतलं, डाव्या मुठीत घट्ट धरलं. "हं. घाल पीळ."

माफ केलेलं नाही. पीळ घालतेय.